चौदावं बाळंतपण

माझ्या कपाटात खाकी कव्हर घातलेलं एक नोंदपुस्तक आहे. मिडवायफरीचं. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीच्या कोर्सच्या, प्रत्येक मुलीला ते भरावं लागतं. स्वतःच्या हातांनी केलेली २० बाळंतपणं त्यात नोंदवायची. आईचं वय, कितवी खेप, कळा कधी सुरू झाल्या, बाळ किती वाजता झालं, वजन किती, वार किती वाजता पडली आणि शेवटच्या रकान्यात सिस्टरची सही. माझ्या पुस्तकात २१ बाळंतपणं आहेत. चौदाव्यासमोर सही नाही.

आज मी कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातच नर्सिंगच्या मुलींना शिकवते. त्यांच्या पुस्तकांवर माझ्या सह्या असतात. माझ्या पुस्तकावर ज्यांनी सह्या केल्या त्या सगळ्याजणी मला आठवतात, त्यांचे उपकारही आहेत. पण ऋण म्हणावं असं जे माझ्यावर आहे ते ती एक सही न करणाऱ्या सिस्टरांचं, आणि जिच्या नावासमोर ती जागा रिकामी राहिली त्या बाईचं. दोघींची नावं इथे लिहीत नाही. रुग्णालयाचंही नाही. ते सरकारी होतं आणि मध्य रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नव्हतं, एवढं पुरे.

२००४ साली मी प्रवेश घेतला. तेव्हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता. वडील डोंबिवली एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात. त्यांच्या बनियनवर कायम कुठल्यातरी रंगाचा डाग असायचा आणि मुलीनं पांढऱ्या कपड्यांतली नोकरी करावी ही त्यांची फार इच्छा. वसतिगृहात राहणं सक्तीचं होतं. आठवड्याची सुट्टी मिळाली की मी लोकलनं घरी यायची आणि आईच्या पलंगावर चादरीचे कोपरे घालून दाखवायची. पहिले काही महिने आमचे रुग्ण म्हणजे प्रात्यक्षिकाच्या खोलीतला पुतळा. त्याला स्पंज द्यायचा, कूस बदलायची, नाकातून नळी घालायची. इंजेक्शन शिकायला संत्री. संत्र्यात पाणी टोचताना हाताला जो अडथळा लागतो तो साधारण माणसाच्या कातडीसारखा असतो, असं ट्यूटर सांगत. संत्रं कण्हत नाही, आणि सुई शिरण्याआधी अंगही आकसून घेत नाही.

माझं पहिलं खरं इंजेक्शन टीबीच्या एका बाईला होतं. तिला रोज स्ट्रेप्टोमायसिन लागायचं. दंडाजवळ हात नेऊन मी थांबले, मग आठवलं की हे कमरेत द्यायचं. तिनं स्वतःच कूस बदलली, पातळ सरकवलं आणि बोटानं जागा दाखवली. ‘इथे गं, वरच्या बाहेरच्या अंगाला. खाली नको, पाय मुंग्यांनी भरतो.’ पाठ्यपुस्तकात जे चित्र होतं तेच तिच्या अंगावर दोन महिन्यांच्या सुयांनी काढलेलं होतं. मी टोचलं. ती म्हणाली, ‘हात हलका आहे तुझा.’ हात हलका नव्हता. तिनं मला धीर दिला, एवढंच. आम्हाला परिचर्येच्या इतिहासात १८९१ साली जे. जे. रुग्णालयात शिकायला आलेल्या काशीबाई गणपत यांचं नाव पाठ करायला होतं. ते पाठ करावंच. पण ज्यांच्या अंगावर आपण शिकलो त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात छापली जात नाहीत, हे त्या दिवसापासून माझ्या मनात राहिलं.

सही न करणाऱ्या त्या सिस्टरांशी गाठ पडली ती २००५ च्या पावसाळ्यात. स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डच्या त्या इन्चार्ज होत्या. पन्नाशीच्या जवळपास, बुटक्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज कधीच न चढणारा. त्यांना मुली घाबरायच्या, कारण त्या रागवायच्या नाहीत. फक्त विचारायच्या. ‘कधी बघितलंस?’ ‘कुणी सांगितलं?’ ‘तू स्वतः बघितलंस का?’

२६ जुलैला मंगळवार होता. आमची सकाळची ड्यूटी दोन वाजता सुटायची होती. दुपारी पाऊस असा लागला की समोरची इमारत दिसेना. लोकल बंद पडल्या, उल्हास नदी काठ सोडून कल्याण-बदलापूरकडच्या वस्त्यांत शिरली, आणि संध्याकाळचा स्टाफ येणार नाही हे चार वाजेपर्यंत उघड झालं. वॉर्डात सिस्टर, एक स्टाफ, एक मावशी आणि आम्ही दोन विद्यार्थिनी. दिवे गेले. दोन टॉर्च होत्या. त्यांतली एक औषधांच्या ट्रॉलीला बांधून ठेवली होती.

रात्री दोनच्या टीपीआरला मी उभ्या उभ्या पेंगत होते. तापमान घेतलं, नाडी मोजली, आणि श्वासांच्या रकान्यात सहाही बायकांसमोर २० लिहून टाकलं. ज्यानं वॉर्डात काम केलंय त्याला हे २० माहीत असतं. मिनिटभर कुणाची छाती वरखाली होताना बघत बसायला वेळ नसला की तो आकडा आपोआप लिहिला जातो. सिस्टरांनी टॉर्चच्या उजेडात चार्ट बघितला.

‘सहाही जणी एका तालात झोपल्यात का गं?’

मी गप्प. त्यांनी मला हाताला धरून तिसऱ्या खाटेशी नेलं. ‘मनगट धर. नाडी बघतेस असं तिला वाटू दे. आता छातीकडे बघ. आपले श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस निराळा श्वास घेतो.’ मी पूर्ण मिनिट मोजलं. ३४. न्यूमोनियाची रुग्ण होती ती, संध्याकाळपर्यंत बरी वाटत होती. सिस्टरांनी डॉक्टरांना निरोप धाडला, तिला उशा लावून उठवून बसवलं, ऑक्सिजन सुरू केला. उजाडेपर्यंत आम्ही आळीपाळीनं तिच्याशेजारी बसून होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला सोडायला माणसं आली तेव्हा सिस्टर चार्टचे कागद लावत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘बघितलंस ते लिहायचं. नाही बघितलंस तर जागा कोरी सोडायची. कोऱ्या जागेनं कुणी मरत नाही.’

हे मला तेव्हा कळलं, असं मला वाटलं होतं.

ठाण्याच्या मनोरुग्णालयातल्या पोस्टिंगबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाते. १९०१ पासूनची ती जागा, मोठमोठी झाडं, बैठे वॉर्ड. तिथे प्रोसेस रेकॉर्डिंग करावं लागतं. म्हणजे रुग्णाशी बोलायचं आणि तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो, ते शब्द न शब्द लिहायचं. एक वयस्क बाई माझ्याशी तीन दिवस मोकळेपणानं बोलली. चौथ्या दिवशी माझं लिखाण पूर्ण झालं होतं म्हणून मी दुसऱ्या बाईकडे वळले, तर तिनं हाक मारून विचारलं, ‘भरली का तुझी वही?’ तिच्या विचारण्यात राग नव्हता. पुढे तीन आठवडे मी रोज पाच मिनिटं तिच्याजवळ जाऊन बसायची, वही न घेता.

तिसऱ्या वर्षी लेबर वॉर्ड आला आणि वही भरणं हेच जगणं झालं. २० बाळंतपणं. ऐकायला थोडी वाटतात. पण त्याच टेबलाशी आमच्या तुकडीच्या मुली, शेजारच्या खासगी संस्थेच्या मुली, इंटर्न डॉक्टर, सगळ्यांनाच आकडे पुरे करायचे असतात. कळा देणारी बाई आत आली की आम्ही दारातच तिला आपापसांत वाटून घ्यायचो, ही माझी, ती तुझी. आता लिहितानाही लाज वाटते. एकीनं बाळाचं डोकं धरायचं, दुसरीनं वार घ्यायची आणि दोघींनी आपापल्या वहीत पूर्ण बाळंतपण लिहायचं, असंही चालायचं.

या सगळ्यात मला शिकवलं ते लेबर रूमच्या मावशींनी. त्या ना नर्स, ना दाई. फरशी पुसणं, बादल्या भरणं, बाळांचे कपडे आणणं हे त्यांचं काम. एका रात्री मी नोंदी लिहीत होते. मावशी फडकं पिळता पिळता म्हणाल्या, ‘उठ, तिकडची बाई होणार आता.’ मी म्हटलं, आत्ताच तपासलंय, वेळ आहे. ‘तिचा आवाज ऐक की. मघाशी रडत होती, आता कुंथतेय.’ मी पोचले तेव्हा बाळाचं डोकं दिसत होतं. आवाज खाली उतरला, घशातून पोटात गेला, की उठायचं. हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही, आणि माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला त्याच मावशींचं नाव घेऊन सांगते.

तोवर सिस्टरांची बदली मेडिकल वॉर्डातून लेबर वॉर्डला झाली होती. २००७ चा मे महिना. रात्रपाळी. तीन टेबलं भरलेली. मधल्या टेबलावर पायाळू बाळ, सिस्टर आणि डॉक्टर तिथे अडकलेल्या. माझ्याकडे मुरबाडच्या पलीकडच्या एका पाड्यावरची बाई होती, दुसरी खेप. सगळं सुरळीत झालं. बाळाचं डोकं मी सावकाश येऊ दिलं, टाका लागला नाही, मुलगी झाली, रडली, वजन २ किलो ६००. सुईणीच्या विद्येत बाळ हातात आलं म्हणजे निम्मंच काम झालेलं असतं, हे मला पाठ होतं. वार पडेपर्यंत थांबायचं, पडली की पाण्यानं धुऊन दोन्ही तळहातांवर पसरायची, तिचे सगळे भाग एकमेकांत बसतात का ते बघायचं, पडदे पुरे आहेत का बघायचे. एखादा तुकडा आत राहिला तर गर्भाशय आवळत नाही आणि रक्त थांबत नाही. बाळंतपणात आपल्याकडे ज्या बायका दगावतात त्यांतल्या फार जणी या रक्तस्रावानंच दगावतात.

वार पडली. मी ती पिवळ्या पिशवीत टाकली. पलीकडे चौथी बाई आत येत होती आणि मला पंधरावं हवं होतं. केसपेपरवर मी लिहिलं : प्लासेंटा अँड मेम्ब्रेन्स कम्प्लीट.

वीसेक मिनिटांनी सिस्टर आल्या. बाईच्या पोटावर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून मला विचारलं, ‘वार बघितलीस?’

‘हो सिस्टर.’

‘पोट मऊ लागतंय. बघितलीस ना?’

‘हो.’

त्या एका हातानं पोट चोळत राहिल्या, दुसऱ्यानं बाईच्या खालचा कपडा उचलून बघितला. मग अगदी हळू, बाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, ‘पिशवी उघड.’

मी वार काढली, धुतली, तळहातांवर पसरली. एका कडेला लिंबाएवढी खाच होती. तिथलं मांस तिथे नव्हतं.

पुढचा तासभर मला तुटक तुटक आठवतो. डॉक्टर धावत आल्या, बाईला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, तुकडा काढला, रक्ताची बाटली चढवली. तिची सासू दाराबाहेर नातीला घेऊन बसली होती आणि मी समोरून गेले की उठून उभी राहायची. बाई वाचली. मी वही घेऊन गेले नव्हते, पहाटे पाच वाजता सिस्टरांनीच ती मागवली. चौदावी ओळ वाचली. सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वही परत माझ्या हातात दिली. शेरा लिहिला नाही, फुली मारली नाही, वर तक्रार केली नाही. म्हणाल्या, ‘तू एकवीस करायचीस. आणि ही बाई घरी जाईपर्यंत तिचं सगळं तू करायचंस. ड्यूटी असो नसो.’

चार दिवस मी तिच्याकडे जात होते. गर्भाशय किती खाली उतरलं ते बोटांनी बघायचं, ताप, नाडी, रक्तस्राव, मुलीला छातीशी लावून देणं. श्वास मी पूर्ण मिनिट मोजले. ती फार बोलायची नाही. मी आले की पदर सरकवून पोट मोकळं करायची आणि छताकडे बघत राहायची. तिला सांगावं, माझ्यामुळे झालं म्हणावं, असं रोज ठरवून मी जायची आणि न सांगता परत यायची. जायच्या दिवशी सासूनं पळसाच्या पानांचा द्रोण माझ्या हातात ठेवला. करवंदं होती. ‘घे बाय, रानातली हायत.’ ती मी वसतिगृहात नेली, मैत्रिणींना वाटली, स्वतः एकही खाल्लं नाही.

एकविसावं बाळंतपण ऑगस्टमध्ये झालं. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिकाम्या रकान्याबद्दल विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी पान उलटलं आणि मला वार तपासूनच दाखवायला लावली.

आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. मुलींच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात वक्तशीरपणा आहे, गणवेश आहे, संवादकौशल्य आहे, कौशल्यांची लांब यादी आहे, प्रत्येकाला गुण आहेत. नियम म्हणतो एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत. मी एका खाटेभोवती आठ मुली उभ्या बघितल्या आहेत, त्यांतल्या मागच्या चौघींना रुग्णाचं तोंडही दिसत नव्हतं. त्या चौघींच्याही वहीत ती कृती येते. सत्र संपायला आलं की गठ्ठे येतात आणि सांगितलं जातं, मॅडम, सह्या करून टाका, मुलींचं वर्ष जाईल. वर्ष जाण्याची भीती खरी आहे. त्यांतल्या अनेकींच्या घरी कर्ज काढून फी भरलेली असते, मला ते माहीत आहे. तरी मी अर्धे गठ्ठे परत पाठवते आणि वाईटपणा घेते. इन्सुलिनचंच बघा. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चढतो किंवा अडीच पटीनं उतरतो. पाच ‘योग्य’ घडाघडा म्हणणारी मुलगी, योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, पूर्ण गुण मिळवते आणि टोपणाचा रंग न बघता सिरिंज उचलते. तिनं बघितलं की नाही, हे तिच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कुणालाही कळणार नाही. शिकवणं म्हणजे हे शेजारी उभं राहणं, आणि त्यालाच सध्या माणसं पुरत नाहीत.

काही वर्षांपूर्वी कल्याण स्टेशनच्या पुलावर सिस्टर भेटल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, हातात काठी, अंबाडा पांढरा. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं नाही. माझी बॅच सांगितली, २६ जुलैची रात्र सांगितली, तरी चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी म्हटलं, सिस्टर, चौदाव्या बाळंतपणाला तुम्ही सही दिली नव्हती, मुरबाडकडची बाई, वारेचा तुकडा राहिला होता.

‘ती होय! मुलगी झाली होती तिला. पुढे तिचं कसं झालं गं? पुन्हा आली होती का बाळंतपणाला?’

त्यांना बाई आठवत होती, मी नाही. गर्दीत आम्ही कठड्याला टेकून उभ्या होतो. मी इतक्या वर्षांचं बोलून टाकलं. म्हटलं, सिस्टर, मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

‘मी सांगितलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘दुसऱ्याच दिवशी, शुद्धीवर नीट आल्यावर. तिच्या पोटात काय राहिलं आणि ते कुणी बघायचं राहून गेलं, हे तिला कळायलाच हवं होतं. मग विचारलं, ती पोर शिकतेय, तुझ्याकडे रोज येऊ दे का, की दुसरी पाठवू? येऊ दे म्हणाली.’

म्हणजे मी पहिल्यांदा तिच्या खाटेशी गेले तेव्हाच तिला ठाऊक होतं. पदर सरकवून तिनं पोट मोकळं केलं तेव्हा ठाऊक होतं. करवंदांचा द्रोण आला तेव्हाही.

आता मी मुलीला घेऊन खाटेशी जाते तेव्हा आधी रुग्णाला सांगते की ही शिकतेय, मी हिच्या शेजारी उभी आहे, चालेल का. कुणी नको म्हटलं तर आम्ही पुढच्या खाटेकडे जातो. पण बहुतेक जण चालेल म्हणतात, आणि ते कुणीच वहीत लिहीत नाही. म्हणून हे वाचणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. ठाण्यात, कळव्यात, उल्हासनगरला, कुठेही तुमच्या खाटेशी किंवा तुमच्या माणसाच्या खाटेशी एखादी शिकाऊ पोर ट्रे घेऊन उभी राहिली, तर तिला येऊ द्या. आणि तिच्या सिस्टर कुठे आहेत, ते जरूर विचारा.